सहाव्या कप्प्याचं पाणी

१

आमच्या घरात दोन तऱ्हेचं पाणी असायचं. एक विहिरीचं, रांजणातलं, प्यायचं आणि सांडायचं. दुसरं आभाळाचं. पावसाळ्यात अंगणात धुतलेलं धोतर चार खुंट्यांना ताणून बांधायचं, खाली चिनी मातीची बरणी ठेवायची आणि भरली की तोंडाला फडकं बांधून मागच्या खोलीत नेऊन ठेवायची. ते पाणी कुणी प्यायचं नाही. येरमाळ्याच्या बाया मला हसायच्या. म्हणायच्या, "आमी बरणीत लोणचं घालतो, ही बब्रुवानची बायको पाऊस घालती."

बब्रुवान म्हणजे आमचे हे. नाव एकदाच घेतलं, पुन्हा घ्यायची नाही.

हे मोटारीच्या जुन्या बॅटऱ्या जिवंत करायचे. सडकेवरच्या लॉऱ्यांच्या मेलेल्या बॅटऱ्या घरी आणायच्या, आतलं कातडी जाळणारं तेजाब काढायचं, तळाचा काळा गाळ धुवायचा, नवं तेजाब भरायचं. येरमाळ्याच्या विहिरींच्या पाण्यात चुना लई. चहाच्या भांड्याला पांढरा थर धरतो, तर बॅटरीचं काय होईल? म्हणून आभाळाचं पाणी. गावात वीज नव्हतीच. मराठवाडा मुंबईला जोडून दोनतीन वर्षं झाली होती, वीज येणार येणार म्हणून नुसती आवई होती. शेजारी गुरुलिंगअप्पांची पिठाची गिरणी होती. तिच्या इंजिनाच्या पट्ट्यावर ह्यांनी एक डायनामो बसवला होता आणि भिंतीला भोक पाडून तारा आमच्या मागच्या खोलीत घेतल्या होत्या. तिकडं ज्वारी दळायला लागली की इकडं बॅटऱ्या रटरटायला लागायच्या, लांबच्या चुलीवर भात शिजतोय तशा.

त्या रटरटण्यातनं जो वायू निघतो तो पेट घेतो. म्हणून त्या खोलीत दिवा नाही, बिडी नाही, चूल नाही. खिडकी कायम उघडी. काम उन्हं असेपर्यंत, दिवेलागणीला खोली बंद. पाण्यात तेजाब ओतायचं, तेजाबात पाणी ओतायचं नाही. तेजाब सांडलं तर वर चुनखडी टाकायची, ती फसफसून तेजाबाला मारते. डोळ्याला काळ्या रबराचा चष्मा. आणि उंबऱ्याशी एक घागर, सकाळी ताजी भरलेली, झाकलेली, जिला कुणी हात लावायचा नाही.

एवढे कायदे कशाला, तर ह्यांचा डावा डोळा. सोलापूरला काम शिकताना त्यात तेजाब उडालं आणि उस्ताद पाणी आणायला गेला तो गेलाच. पाणी आलं तेव्हा डोळा संपला होता. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, आमच्या घरात मी पाणीसुद्धा फुंकून ठेवायचे. ह्यांना मी तोंडावर सांगितलं होतं, "एक डोळा सोलापूरला ठिवून आलात. दुसरा माझा हाय. तो म्या कुणाला द्यायची न्हाय."

"घे की. पदराला बांधून ठिव," असं म्हणून हसायचे. ती घागर मी आंघोळीच्या आधी भरायचे, मग देवाचं.

२

फाल्गुनात गावाच्या खालच्या वळणावर एक लॉरी उलटली. पेंडीची पोती भरलेली होती. क्लीनर उडी मारून वाचला, डायवर आत अडकला. माणसं जमली, तशी हेही धावले. जाताना उंबऱ्याची घागर नव्हे, घरातला तांब्या भरून घेऊन गेले.

पुढचं मला ह्यांनीच सांगितलं. डायवर लांबच्या मुलखातला होता. त्याची बोली कुणाला कळेना, पण पाणी म्हटलेलं सगळ्या मुलखात कळतं. ह्यांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं, कमरेखालचा भाग पत्र्यात होता. तांब्या तोंडाला लावणार एवढ्यात उत्तरेश्वरआबांनी हात धरला. आबा गावातले जाणते. म्हणाले, "घायाळाला पाणी पाजू नये. पाणी पोटात गेलं की जीव जातो. बार्शीचा डाक्टर येऊ दे." जमलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्याकडं असंच म्हणतात, आजा म्हणायचा, बापही म्हणायचा. ह्यांनी ऐकलं.

डॉक्टर आला ऊन कलल्यावर. डायवर त्याच्या किती आधी गेला कोण जाणे. शेवटी त्याच्या तोंडातनं शब्द येईना, ओठ तेवढे हलत होते म्हणाले.

घरी आले तेव्हा तांब्या तसाच भरलेला हातात होता. एक थेंब सांडला नव्हता. मीच तो हातातनं काढून घेतला आणि तुळशीला घातला.

आठवड्यानं लॉरीमालकाचा माणूस मोडकी लॉरी न्यायला आला. ह्यांनी पोती हलवायला, प्रेत काढायला मदत केली होती, म्हणून जाताना त्यानं बॅटरी काढून ह्यांना दिली. मोठी, सहा कप्प्यांची, जवळजवळ नवी. वरच्या डांबराला नुसती एक चीर गेलेली.

"देवमाणूस दिसतो," मी म्हटलं.

ह्यांनी बॅटरी खांद्यावर घेतली. म्हणाले, "वजन बघ की. पाण्यानं भरल्यावानी हाय."

पण उघडली तर सगळे कप्पे कोरडे होते. उलटी झाली तेव्हा तेजाब सांडून गेलं असणार. त्यात नवल काही नव्हतं.

३

पाच कप्पे चार दिवसांत वर आले. गिरणी सुरू झाली की सूर धरायचे. सहावा, खिडकीकडचा, गप्प होता. हे काचेच्या नळीनं तेजाब ओढून बघायचे आणि मान हलवायचे.

"मेलाय?" मी उंबऱ्यावरनं विचारलं. आत मी कामाशिवाय जात नसे.

"मेलाय म्हणवत न्हाय. पाणी घेतोय."

रटरटणारा कप्पा थोडं पाणी उडवतो, त्याला वरनं भर घालावी लागते. पण गप्प बसलेल्या कप्प्याचं पाणी कमी होतं कसं? सकाळी काठोकाठ भरावं, दुसऱ्या सकाळी आतले शिशाचे पत्रे उघडे. हे म्हणाले खालनं चीर असंल. मी म्हटलं, हातच्या कांकणाला आरसा कशाला? चुलीतली कोरडी राख आणली, बॅटरीखाली बोटभर पसरली. तेजाबाचा एक थेंब पडला तरी राखेला डाग पडतो.

दुसऱ्या दिवशी कप्पा कोरडा आणि राखही कोरडी. मी ती चिमटीत धरून बघितली. मऊ, भुरभुरीत.

"उन्हानं उडत असंल," हे म्हणाले.

"मग शेजारच्या पाचांचं का उडत न्हाय? त्यांच्यावर काय सावली धरलीय?"

ह्यांनी उठून बरणीचं फडकं सोडलं आणि सहाव्या कप्प्यात पाणी घातलं. चैत्र लागायचा होता, ऊन तसंही मरणाचं होतं. मी स्वतःची समजूत घातली की कारागिराला त्याचं काम कळतं, आपण राखेत नाक खुपसू नये.

४

मंगळवारी गिरणी बंद असायची. त्या मंगळवारी हे कळंबला गेले होते. दुपारी मी मधल्या खोलीत ज्वारी निवडत बसले होते. वाऱ्याचं नाव नव्हतं, कुत्रीसुद्धा गप्प.

मागच्या खोलीत कुणीतरी घोट घेतला.

रटरटणं नव्हतं ते, तो आवाज मी झोपेतही ओळखला असता. हा एकच होता. गटक्. मग थोडं थांबून पुन्हा, गटक्. उन्हातनं आलेला माणूस मान वर करून पितो आणि दम घ्यायला थांबतो तसं.

मी म्हटलं पाल असंल. मग म्हटलं मांजर असंल. मांजर चाटतं, घोट घेत नाही, हेही माझ्या मनात आलं आणि मला माझाच राग आला. उठले. खोलीत कुणी नव्हतं. तारा काढून खुंटीला गुंडाळून ठेवलेल्या, हे जाताना काढूनच जायचे. पाच कप्प्यांची बुचं बसलेली, सहाव्याचं नुसतं वर टेकवलेलं. बरण्यांना फडकी बांधलेली, गाठी माझ्याच हातच्या. मी पहिल्या बरणीची गाठ सोडली. पाणी चार बोटं उतरलं होतं. ह्यांनी घातलं असंल म्हणावं, तर आदल्या संध्याकाळी मीच गळ्यापर्यंत बघून गाठ मारली होती.

परत फिरले, उंबऱ्यात पाय ठेवला, तेवढ्यात पाठीमागं पुन्हा तो आवाज झाला.

मी वळून बघितलं नाही. पदर खोचला आणि सुपापाशी येऊन बसले. निवडलेली ज्वारी पुन्हा निवडायला घेतली.

संध्याकाळी हे आले आणि बरणी बघून मलाच म्हणाले, "अनसूया, आभाळाचं पाणी तू पितीस का काय?"

"मी? मला काय विहिरीचं कडू लागाया लागलंय?"

"मग गेलं कुठं?"

"तुमच्या लाडक्याला इचारा," मी म्हटलं. थट्टेनं म्हटलं होतं. हे हसले नाहीत.

५

त्यानंतर हे दुसऱ्या बॅटऱ्यांना हात लावीनासे झाले. पंचायतीच्या रेडिओची बॅटरी तशीच पडली, माणूस दोनदा येऊन गेला. हे त्या एकीपुढं बसलेले. एका सकाळी मी भाकरी झाली म्हणून सांगायला गेले आणि उंबऱ्यावरच थांबले.

उजव्या हातात काचेचा पेला होता आणि त्यातनं सहाव्या कप्प्यात पाण्याची बारीक धार. डावा हात बॅटरीच्या कडेखाली धरलेला, तळवा वर करून. आजाऱ्याला पाणी पाजताना आपण हनुवटीखाली हात धरतो, सांडू नये म्हणून, तसा.

"दमानं," हे म्हणत होते. "दमानं घे. हाय अजून."

"कुणाशी बोलताय?"

दचकून हात मागं घेतला. "कुणाशी न्हाय."

"ते डबडं हाय. डबड्याला हनुवटी असती व्हय?"

ह्यांनी पेला खाली ठेवला. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "तांब्या माझ्या हातात हुता, अनसूया. भरलेला."

"आबांनी सांगितलं, तुमी ऐकलं. सगळ्या गावानं ऐकलं. तुमी एकट्यानं का वाहायचं? पाणी पाजलं असतं तर जगला असता का तो?"

"तो जगायचा न्हवताच. त्याला कळलं हुतं. त्याला नुसतं पाणी पायजे हुतं."

मला रडू आलं आणि रागही आला. मी म्हटलं, "आणा ते बाहेर. आत्ता फोडते कुऱ्हाडीनं."

"पाच कप्पे जित्ते हायती. एका कप्प्यापायी सगळी टाकू? आता लई न्हाय लागायचं. त्याची तहान भागली की येईल वर."

'त्याची' म्हणाले. मी ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं.

दुपारी गुरुलिंगअप्पांच्या घरातल्या इरम्माकडं गेले. वयानं थोरली, मला धाकट्या बहिणीसारखं धरायची. सगळं सांगितलं. तिनं आधी माझ्या कपाळाला हात लावून बघितला, ताप नाही अशी खात्री केली, मग म्हणाली, "अय्यो अनसूया, तहानलेल्याला पाणी द्यावं, पुण्य हाय. पण रिकामं भांडं भरतं गं. फुटकं भरत न्हाय. ते बाहेर घालव."

"ऐकत न्हायत."

"मग आण घाल. नवऱ्याला बायकोची आण सोसत न्हाय."

मी आण घातली. पण खरं सांगायचं तर माझ्या आणेनं झालं नाही. गावच्या देवीच्या यात्रेच्या आदल्या दिवशी ह्यांनी बरण्या उघडल्या. शेवटची तेवढी अर्धी उरली होती, आणि पावसाला दोन महिने होते. ह्यांचा चेहरा उतरला. ओठांना चिरा पडल्या होत्या ते मला तेव्हा दिसलं. दोन दिवस स्वतः पाणी प्यायले नव्हते, ध्यानातच आलं नाही म्हणाले.

"बास झालं," हे म्हणाले. "उद्या चुना टाकतो त्यात. तेजाब मरंल, कप्पा मरंल. मग फोडून लांब टाकू."

मी उंबऱ्यापाशी चुनखडीची पाटी होती तिकडं बोट दाखवलं. "उद्या कशाला? हा काय चुना."

"साध्या चुन्यानं भागायचं न्हाय."

हे देवधर्माची खिल्ली उडवणारे. मी उपास केला की म्हणायचे, देवी काय तुझ्या भाकरीवर डोळा ठिवून हाय? त्यांच्या तोंडून हे आलं आणि मला त्या आवाजापेक्षा त्याची जास्त भीती वाटली.

६

येडेश्वरीच्या चैत्र यात्रेला आमच्याकडं चुना वेचतात. पालखी रानात येते, लाखो माणसं जमतात, जो तो चुनखडीचे पाच खडे वेचतो आणि देवीच्या ढिगावर टाकतो. आम्ही दोघं गेलो. ऊन डोक्यावर, धूळ, हलगी, उदो उदो. मी पाच खडे ओंजळीत घेऊन टाकले आणि मनात एकच मागितलं, ह्यांचा डोळा सांभाळ. मग बघितलं, तर ह्यांनी चारच टाकले. पाचवा सदऱ्याच्या खिशात घातला.

"अवो, देवीचा खडा ठिवून घिऊ नये."

"ठिवून न्हाय घेत. देवीलाच देतोय, वाट जरा वाकडी हाय."

बाराच्या सुमारास घरी आलो. गाव सगळं आमराईत, पालखीमागं. गिरणीला कुलूप, इरम्माच्या दाराला कुलूप. मी आधी उंबऱ्याची घागर उघडून बघितली. सकाळी भरली होती तशी काठोकाठ, माझी नथ तिच्यात दिसली. झाकण ठेवलं आणि घागरीपाशीच बसले, हात तिच्या गळ्यावर.

ह्यांनी सगळं कायद्यानं केलं. चष्मा चढवला, हाताला ओलं पोतं गुंडाळलं, खिडकी सताड उघडली. बुच काढून लांब ठेवलं. लाकडी चिमट्यात खडा धरला, तोंड बाजूला केलं, हात लांब करून सोडला. आणि मागं सरले.

काही झालं नाही.

चुन्याच्या खड्यावर तेजाबाचा शिंतोडा पडला तरी फसफसतं, मी कितीदा बघितलंय. इथं सबंध खडा आत गेला आणि फेसाचा बुडबुडा नाही. दुसरंही एक मला खटकलं, खडा तळाला आदळल्याचा आवाज आला नाही. वीतभर खोल तर कप्पा.

आम्ही थांबलो. मी घागर सोडली नाही.

"फसफसलं न्हाय," हे म्हणाले.

"नसंल. राहू दे. या बाहेर."

"तेजाबच न्हाय का काय त्यात? मग एवढं दिवस..." हे एक पाऊल पुढं गेले. घामानं चष्म्याची काच धुरकटली होती. त्यांनी तो वर केला.

"अवो, चष्मा!"

"एक डाव बघू दे."

वाकले. मी उंबऱ्यावरनं बघत होते, खिडकीतनं सरळ ऊन बॅटरीवर पडत होतं. कप्प्याचं तोंड गोल असतं, पैशाएवढं, बुच बसतं तेवढं. ते गोल नव्हतं. दोन्हीकडनं दाबल्यासारखं लांबट होतं, कडा फाटलेल्या, त्यांवर पांढरी साय वाळलेली. क्षारच धरले असतील. क्षार धरतात, मला माहीत आहे. पण ते हललं. मिटलं आणि उघडलं.

ह्यांना ते जवळनं दिसलं असणार. कारण ओरडले नाहीत. हळू आवाजात, दारी आलेल्या पाहुण्याला म्हणावं तसं म्हणाले, "आरं, हाय मी हितंच."

आणि मग फसफसलं. सगळं एकदम वर आलं.

७

ह्यांची किंकाळी फुटायच्या आधी मी घागर उचलली होती. इतक्या जोरानं उचलली की मागं पडले, कारण तिच्यात वजनच नव्हतं. झाकण गडगडत गेलं. आत कोरडं. ओलसुद्धा नाही, तळाला धूळ.

"अनसूया!" हे दोन्ही हातांनी तोंड झाकून गुडघ्यावर बसले होते. "अनसूया, पाणी!"

रांजण कोरडा. बरणीची गाठ दातांनी तोडली, तीही कोरडी. मी देवाला काय बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही. ह्यांना काखेत धरून ओढत अंगणात आणलं आणि सडकेकडं धावले. यात्रेसाठी लिंबाखाली पाणपोई घातली होती. तिथं उत्तरेश्वरआबा बसले होते, चारदोन यात्रेकरू होते. मी भरलेली कळशी कुणाला न विचारता उचलली. माणसं माझ्या मागं आली.

ह्यांचं तोंड लाल झालं होतं, डोळा मिटलेला, ओठ हलत होते. आबांनी बघितलं आणि माझं मनगट धरलं. "पोरी, घायाळाला पाणी..."

"आबा, तुमच्या शाणपणाचं एक मढं ह्या गावानं उचललंय," मी म्हटलं. "हात सोडा, न्हायतर चावते."

सोडला. मी ह्यांची पापणी बोटांनी उघडली आणि कळशी ओतली.

पाणी पडलं ते मी बघितलं. कळशीच्या तोंडातनं धार पडत होती, डोळ्यावर पडत होती. पण पुढं ते गेलं नाही. गालावरनं ओघळलं नाही, सदरा भिजला नाही, खालची माती वाळलेली ती वाळलेलीच. सबंध कळशी मी ओतली आणि ह्यांचं तोंड कोरडं. आणि आत, मागच्या खोलीत, आवाज येत होता. गटक्. गटक्. आता तो दम घ्यायला थांबत नव्हता.

आबांनीही ऐकलं. म्हाताऱ्यानं दोन्ही कानांवर हात ठेवले.

"आणखी आणा!" मी ओरडले. कुणीतरी दुसरी कळशी आणली. तीही गेली. तिसरी ओतली तेव्हा कुठं पाणी ह्यांच्या गालावरनं वाहिलं, गळ्यावर आलं, मातीत चिखल झाला. मी तो चिखल बघून रडले.

"आता लागलं गार," हे म्हणाले.

तोवर डोळा शिजलेल्या अंड्यासारखा पांढरा झाला होता.

८

बॅटरी गुरुलिंगअप्पांनी दोन माणसं लावून उचलली आणि पडक्या विहिरीत टाकली. टाकण्याआधी त्यांनी बघितलं म्हणे. सहाच्या सहा कप्पे कोरडे होते. सहाव्यात खडा होता, सबंध. फक्त तो गुळगुळीत झाला होता, लहान पोरानं खडीसाखर चाखून हातात द्यावी तसा. बार्शीच्या डॉक्टरनं सांगितलं, तेजाब जुनं असलं की चुना उशिरा उकळतो, मधे हवा अडकली असणार. असेल. घागरीबद्दल मी त्याला विचारलं नाही, मला वेड्यात काढलं असतं.

त्याला आता लई वर्षं झाली. आम्ही भूमला माझ्या भावाच्या आसऱ्याला राहतो. हे सुंभ वळतात, हाताला सवय झालीय. मी चार घरची दळणं-कांडणं करते. भांडतो, हसतो, संसार होतो तसा झाला. नथ मोडली, पण हे आहेत.

एक सांगायचं राहिलं. सकाळी मी ह्यांचं तोंड धुते. येरमाळ्यातच दुसऱ्या दिवशी मला कळलं होतं की पहिला तांब्या खाली येत नाही. ओतावा आणि तोंड कोरडं. मग मी एक वळण लावून घेतलं. पहिला तांब्या उंबऱ्याबाहेर मातीवर ओतायचा आणि म्हणायचं, "घे बाबा." माती ओली होत नाही, तिकडं मी बघत नाही. दुसऱ्या तांब्यानं ह्यांचं तोंड धुतलं जातं. इतकी वर्षं एका तांब्यावर भागलं. माझी तक्रार नव्हती. त्याला एक तांब्या द्यायचा राहिलाच होता.

ह्या वर्षी एकावर भागेना. संक्रांतीनंतर दोन लागायला लागले, होळीनंतर तीन. भूमला पाणी कुठं आहे? विहिरीत पोरं उतरून वाटीनं भरतात. हे ओट्यावर तोंड वर करून बसलेले असतात, दोन्ही डोळे मिटून. विचारतात, "कितवा गं?" मी म्हणते, "पहिलाच." त्यांना तांब्यांचे आवाज ऐकू येतात, तरी हो म्हणतात.

त्यांच्या ओठांना परत चिरा पडल्यात. पाणी प्यायला दिलं की पितात, पण गळ्याची घाटी हलत नाही. मी रोज बघते, रोज वाटतं आपलीच नजर म्हातारी झाली.

रांजणात वाकून बघायचं मी हल्ली सोडलंय. नुसता हात घालते, पाणी लागलं की भरून घेते. आज सकाळी हात खांद्यापर्यंत गेला तरी बोटांना काही लागलं नाही. काल दोन खेपा आणल्या होत्या.

मी तशीच वाकून उभी राहिले. बाहेर ओट्यावरनं हाक आली, "पाणी."

आवाज ह्यांचाच होता. मी पुन्हा एकदा ऐकून घेतला. पण मला नावानं हाक मारल्याशिवाय हे कधी काही मागत नाहीत.